अर्ध्या मोराचा कागद

उधना, सुरत
२२ जानेवारी १९९७

प्रिय हर्षू,

माझ्यासाठी नाशकातली मागची खोली रंगवून घेतलीस, खिडकीपाशी पलंगही टाकलास, हे वाचून डोळे भरले. म्हणजे मी कायमची राहायला येणार, असं तू आणि ललितराव धरूनच चालला आहात. त्याचं सांगते, पण आधी इकडची गंमत ऐक.

संक्रांतीला सगळी सुरत गच्चीवर असताना कारखान्याचे मालक योगेंद्रभाई आपल्या दारात. हातात उंधियूचा डबा आणि विलायतेच्या एका कापड व्यापाऱ्याचं पत्र. तुम्ही साडीची नक्षी आधी चौकटींच्या कागदावर काढता, तर हा कागद काय काय करू शकतो ते साध्या इंग्रजीत लिहून पाठवा, असं त्यानं विचारलेलं. योगेंद्रभाई म्हणाले, "भाभी, तमे तो अंग्रेजी छापुं वांचो छो, तो लखो ने!" मी म्हटलं, भाई, सुताच्या कोनांना गुंडाळून येणारी इंग्रजी पेपरांची रद्दी वाचते मी, हर्षूच्या शाळेतल्या डिक्शनरीवर. वाचणं निराळं, लिहिणं निराळं. पण माणूस ऐकेल तर ना! डबा ठेवला आणि गेला.

मग बसले. चौकटीला ग्रिड म्हणतात हे डिक्शनरीत सापडलं. पहिलं वाक्य जमलं, की भरलेल्या घरावर धागा उठतो, रिकाम्यावर खाली राहतो. दुसरं, की एक फूल एकदाच काढा, माग ते पदरभर विणतो. पुढे गाडी अडली. नक्षीप्रमाणे मागाच्या पुठ्ठ्याच्या पत्त्यांना भोकं पाडणारा दगा चहाला आला होता, तो म्हणाला, "वहिनी, बदकाचं लिहा ना!"

तुला आठवतं? तू सातवीत होतीस. कारखान्यात नक्षी काढणाऱ्या नानांचा ग्राफ कागद संपला, म्हणून नवऱ्याला मदत करायला मी शहाणपणानं तुझ्या भूमितीच्या वहीतल्या कागदावर मोर काढून दिला. आपल्या कागदाची घरं उभी-आडवी सारखी नसतात, पदरात आडवा धागा दाट बसतो, हे माझ्या डोक्यातच नाही. विणून आला तो असा दबलेला, पोट सुटलेला! नाना पोट धरून हसले, "हाऊ मोर नई, बदक शे बदक!" महिनाभर मला जेवायला हाक मारायची ती बदकाच्या आवाजात. तर तेही लिहिलं. इंग्रजीत 'पीकॉक कॅन बिकम फॅट' असं वाचताना योगेंद्रभाईंना ठसका लागला.

शेवटचं वाक्य मात्र लिहिता लिहिता मी उठले. गॅसवर काही नसताना गॅस बघून आले. मग बसून लिहिलं, की मोर अर्धाच काढायचा असतो. मागाच्या दोऱ्या अशा बांधलेल्या असतात की तो दुसरा अर्धा स्वतःच उलटा विणतो.

हर्षू, नाना गेले त्यानंतर तेराव्या दिवशी त्यांच्या कारखान्यातल्या टेबलावरून आणलेला कागद छातीशी धरून तू रडलीस, "बघ ना आई, अर्धाच राहिला." तेव्हा मी नुसता तो कागद तुझ्या हातून घेऊन कपाटात ठेवला. आज सांगते. तो राहिला नव्हता. त्यांनी पुरा केला होता. काढायचा तेवढाच असतो, पोरी.

गेल्या आठवड्यात मी तो कागद दगाकडे दिला, त्यानं पत्ते केले आणि योगेंद्रभाईंनी ते मागावर चढवले. मी माग चालू असताना तिथंच उभी होते. आणि माग थांबल्यावर योगेंद्रभाई म्हणाले, नानांचं हे टेबल दोन वर्षं रिकामं आहे, नक्षी काढायला तुम्ही बसाल का? मी हो म्हणाले. तुला न विचारता. म्हणूनच हे पत्र. सोमवारपासून नानांच्या टेबलावर मी बसणार, तेव्हा राहायला येत नाही. रागावू नकोस. पलंग काढू नकोस, दिवाळीत येईन आणि त्याच खिडकीत पाय पसरून पेपर वाचीन. सोबत कापडाचा तुकडा पाठवतेय. उलगडून बघ, दोन्ही बाजूंनी पिसारा आहे. दगा म्हणाला, "आता मोर शे, वहिनी."

तुझीच,
सुरतेतच राहिलेली आई