देवाच्या नावाची झाडं

आप्पा, तुमचा हात खोडावर होता. गुडघे वाकवून, टाच मातीत रोवून तुम्ही ओढ घेतलीत, मुळं करकरली, आणि तेवढ्यात तुम्हाला ती पुरचुंडी दिसली. पांढऱ्या फडक्याची, सुपारीएवढी, दोऱ्यानं खोडाला बांधलेली. तुम्ही ती बोटानं दाबून पाहिलीत. आत भस्म होतं. तुम्ही झाड सोडलंत. नुसतं सोडलं नाही, हलल्यामुळं बुडाशी सुटलेली माती पायानं परत दाबलीत. बांधावर रानाचा मालक उभा होता, गावाचा माजी सरपंच, तुरीच्या दोन ओळींमध्ये गांजाची एक ओळ लावणारा. तो म्हणाला, "ओढा की आप्पा. थांबलाव कामून? महादेवाचं हाय, महादेव बघून घील." तुमच्या मागं तुमच्या गांजाबंदी समितीची अकरा माणसं विळे घेऊन उभी होती. तुम्ही झाडाला हात जोडलेत. त्यांनीही जोडले. बारा माणसं गांजाला नमस्कार करून घरी आली. मी आणि माय घागर घेऊन मागं होतो, तुम्हाला तहान लागेल म्हणून. परतताना माय एवढंच बोलली, "पाणी तरी प्या. लई दमलाव."

गेल्या महिन्यात गावातले दोघं नांदेडला माझ्या घरी आले. एक आता सोसायटीचा चेअरमन आहे. दुसरा सगळीकडं त्याच्याबरोबर असतो. वेशीत तुमच्या नावाची कमान बांधायची आहे, गांजाबंदीचा पहिला माणूस म्हणून. "ताई, तुमी कालिजात मराठी शिकवता. चार ओळी लिहून द्या, संगमरवरावर कोरून घेऊ. जरा भारदस्त येऊ द्या." मी हो म्हणाले. दोघांनी दोनदा चहा घेतला, समाजकार्य हा शब्द सात-आठदा वापरला आणि गेले. चार ओळी अजून झालेल्या नाहीत. त्यांच्याऐवजी हे लिहिते आहे.

लातूर जिल्हा झाला तेव्हा तुम्ही आपल्या किराणा दुकानासमोर उभं राहून पेढे वाटले होते. सरकार जवळ आलं, म्हणालात. पाऊस मात्र जवळ आला नाही. ज्वारी वीतभर वाढून वाळली. विहिरींचे तळ दिसू लागले. बायका एका घागरीसाठी तास तास बसायच्या, आणि त्याच विहिरीतल्या घागरी तुरीत जायच्या. तूर उंच वाढते, तिच्या आड काय आहे ते रस्त्यावरून दिसत नाही. सगळ्यांना ठाऊक होतं. कोणी बोलत नव्हतं, कारण बोलणाऱ्यांच्याही तुरी होत्या.

तुम्ही बोललात ते दादामुळं. तो अहमदपूरचं कॉलेज सोडून घरी आला होता आणि दुकानात पोत्यावर बसून असायचा. एका दुपारी गिऱ्हाइकानं साखर मागितली. दादानं तागडी उचलली आणि तिच्याकडं बघत राहिला. मग हसला. मग त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि हसणं काही थांबेना. तुम्ही त्याच्या हातातून तागडी काढून घेतलीत आणि गिऱ्हाइकाला सांगितलंत, "ऊन लागलंय पोराला." त्या दिवशी तुम्ही जेवला नाहीत. आठ दिवसांत समिती केलीत, घरोघर फिरलात, लातूरला जाऊन सरकारकडं अर्ज दिलात. तेवढं खरं होतं. त्या आठ दिवसांतला माणूस मला आवडायचा, म्हणूनच पुढचं माफ करता येत नाही.

महादेवाच्या देवळात सगळ्या पुरुषांनी बेल उचलायचा असं ठरलं. एकेक जण पिंडीसमोर जायचा, बेलाचं पान उचलायचा आणि म्हणायचा, रानात गांजा लावणार नाही. गावात बेल उचलून शपथ मोडणारा कोणी नव्हता. माजी सरपंचसुद्धा घाबरायचा. तुमचा डाव बरोबर होता, आप्पा. तेवढ्यात मठाचे स्वामी म्हणाले, शिवरात्रीला गोसावी येतात, चिलीम भरल्याशिवाय ते भजनाला बसत नाहीत, तेव्हा देवापुरती पाच झाडं राहू द्यावीत. तुम्ही एका क्षणात म्हणालात, "देवाला कोण न्हाई म्हणंल?" साखरेचा एक दाणा जास्त पडला तर चिमटीनं परत काढणारे तुम्ही. खांबाच्या पलीकडून, बायकांतून, मायचा आवाज आला, "पाच झाडं कोणाच्या रानात? ते तरी ठरवा." सगळे वळले. तुम्ही न वळता म्हणालात, "बायांनी मधी बोलायचं काम न्हाई." मग माजी सरपंच पुढं आला, बेल उचलला आणि मोठ्यानं म्हणाला, "देवाची सोडून एक बी झाड लावणार न्हाई." तुम्ही मान हलवलीत. त्याच्या मागून सगळ्यांनी तेच म्हटलं, शब्द न चुकवता.

कोणाच्या रानात हे ठरलंच नव्हतं, म्हणून प्रत्येकाच्या रानात पाच झाडं आली. नंतर कोणी पोराच्या नावानं पाच सोडली, कोणी वारलेल्या बापाच्या नावानं. मठातून भस्म आणायचं, फडक्यात बांधायचं, खोडाला लावायचं. शिंपी चिंध्यांच्या पुरचुंड्या शिवून ठेवायला लागला. अख्ख्या गावाचा गांजा देवाचा झाला आणि एकाचीही शपथ मोडली नाही. इतकं प्रामाणिक गाव मी दुसरं पाहिलेलं नाही. तुम्ही पुन्हा लातूरला गेलात ते अर्ज मागं घ्यायला. सरकारी माणसांनी बूट घालून देवाच्या झाडांना हात लावला तर पाप आपल्याला लागेल, असं समितीत ठरलं होतं. ठरावाला सूचक तुम्हीच होता.

गांजाला केलेल्या त्या नमस्काराच्या चौथ्या दिवशी माजी सरपंचानं दादाला कामावर घेतलं. देवाच्या झाडांना घागरीनं पाणी घालायचं. मजुरी गांजाच्या पाल्यात. मायनं तुम्हाला दुकानात येऊन सांगितलं, गिऱ्हाइकांसमोर, कारण घरात तुम्ही ऐकत नव्हता. "अवं, माजं लेकरू हातचं जायलंय. तुमी काय करायलाव?" तुम्ही वहीतून डोळे वर न काढता म्हणालात, "देवाची सेवा हाय. वळण लागंल." बाकावर बसलेल्या एकानं दुजोरा दिला, "सेवेनं फरक पडतो, वहिनी." त्याचीही पाच झाडं होती.

सोमवारी तुम्ही आणि माजी सरपंच अहमदपूरच्या बाजाराला गेला होता. माय मला घेऊन त्याच्या रानात गेली. ती एकेका झाडापाशी बसायची, पुरचुंडीची गाठ सोडायची, पुरचुंडी पदरात टाकायची आणि मग झाड उपटायची. भस्म देवाचं, ते देवळात नेऊन ठेवणार होती. झाड देवाचं नाही, असं तिनं एकटीनं ठरवलं होतं. दादा बांधावर बसून बघत होता. "माय, पाप लागंल," तो म्हणाला. ती म्हणाली, "लागू दे. मी कुठं बेल उचललाय? मला कोणी इचारलंच न्हाई." तो हसला. पोत्यावरचं हसणं नव्हतं ते. मग तो उठला, तिच्या शेजारच्या ओळीत बसला आणि ओढायला लागला. एका झाडाला त्याला तीन-तीन वेळा ओढावं लागायचं. पण उपटत होता. अर्धं रान मोकळं झालं होतं तेव्हा तुम्ही एकटेच एसटीतून उतरून, पिशवी हातात घेऊन, सरळ तिथंच आलात.

पुढचं कमानीवर कोरता येईल असं नाही. संध्याकाळी देवळात मायला पिंडीसमोर नाक घासायला लावलं. तुम्ही खांबापाशी उभे होता. गावानं तुमच्या दुकानातून काही घ्यायचं नाही असं बोलायला सुरुवात केली होती, आणि तुम्ही गावाच्या आधी बोललात: बाईमाणूस आहे, अक्कल कमी पडली, पुढच्या पेऱ्याला देवाची तेवढी झाडं मी स्वतः लावून देईन. गांजाबंदी समितीचे अध्यक्ष. लोकांनी माना डोलावल्या. मायच्या नाकाला धूळ लागली होती, ती तिनं पुसली नाही. दादा दारात उभा होता. त्यानं तुमच्याकडं पाहिलं, आप्पा, आणि तुम्ही नारळ फोडायला वाकलात.

दादा सुटला. वर्षं लागली, मध्ये दोनदा घसरला, पण सुटला. चेअरमन म्हणाला, ती आप्पांची पुण्याई. मी त्याला आणखी एक बिस्किट दिलं.

हे पत्र कमानीसाठी नाही आणि तुमच्यासाठीही नाही. माय पलीकडच्या खोलीत झोपलेली असते, तिला वाचून दाखवायची हिंमत मला नाही. कारण तुम्ही त्या दिवशी सरळ रानात कसे आलात, हे तिनं मला आजवर विचारलेलं नाही. पुरचुंड्या पदरात पडताना बघून मला भीती वाटली होती. पाणी आणते म्हणून मी फाट्यावर पळत गेले आणि तुमच्या एसटीची वाट बघत थांबले. सांगणारी मी होते. तुम्ही मरेपर्यंत कोणाला कळू दिलं नाहीत. तुमचं एवढंच एक मला मोठं वाटतं, आणि ते माझ्या सोयीचं आहे.

देवळातल्या त्या संध्याकाळच्या दुसऱ्या दिवशी सकाळी माय आणि दादा पहिल्या एसटीनं नांदेडला मामाकडं गेले. मायनं मला चल म्हटलं नाही. तुम्ही नेहमीच्या वेळेला दुकान उघडलंत, आणि मी तुम्हाला चहा करून नेऊन दिला.