डावीकडची मोकळी जागा

आलापल्ली, जिल्हा चांदा
कोजागिरीचा दुसरा दिवस, १९५७

प्रिय भाऊ,

हे पत्र आईजवळ बसून वाचू नकोस. पोस्टमनने तिच्यासमोरच हातात दिलं असेल, तर खिशात घाल, गोठ्यात जा आणि मग उघड. मी खुशाल आहे, तुझे भाऊजीही खुशाल आहेत. पण दसऱ्यापासून माझं चित्त ठिकाणावर नाही. दोनदा भात करपवला, एकदा दुधात मीठ घातलं. हे म्हणतात, तुला कुणाची दृष्ट लागली. त्यांना काय सांगू? जे पाहिलं ते तुला सांगते आहे, आणि सांगताना तुझ्यावर इतकी चिडले आहे की समोर असतास तर हातातला टाक तुला फेकून मारला असता.

इथे दसऱ्याला डाकबंगल्यावर चहापान असतं. जंगलखात्यातली सगळी माणसं साहेबांना सोनं द्यायला येतात. यंदाचे साहेब नवे, पुण्याकडचे, आणि त्यांच्या बाई हौशी. बंगल्यातलं लांबलचक सागवानी टेबल फुलांनी सजवायचं आणि फराळ आम्ही बायकांनी करायचा, असं त्यांनी फर्मान काढलं. माझ्या वाट्याला चिवडा आला. फुलांचं काम बाजारातल्या कुणा हाजराभाभीकडे गेलं. बांगडीवाल्या बाबूभाईंची बायको, लग्नाचे सेहरे छान गुंफते, एवढंच मी तिच्याबद्दल ऐकून होते. आम्ही ज्येष्ठात बदलून आलो, पण ती कधी समोर आली नव्हती.

दुपारी चिवड्याची परात घेऊन पोचले तेव्हा टेबल तयार होतं आणि करणारी निघून गेली होती. केळीच्या खांबाचे काप मांडून त्यांत बांबूच्या काड्यांनी फुलं खोचली होती, म्हणजे ती संध्याकाळपर्यंत ओली राहतात. मधे तळ्यातली कमळं, एकेक पाकळी बाहेर दुमडलेली. कडेने कुरडूचे तुरे आणि आपट्याची पानं. झेंडू तर काळपट लाल, थेट आपल्या अंगणातल्यासारखा. उजवीकडे फुलांची नुसती दाटी होती. डावीकडे येता येता ती विरळ होत गेली होती आणि शेवटी हातभर टेबल उघडंच होतं. त्या उघड्या लाकडावर धानाची एक लोंबी तिरकी ठेवलेली. साहेबांच्या बाई म्हणाल्या, "अहो, ही तर अर्धंच टाकून गेली. तेवढं भरून काढा ना तुम्ही." मी टोपलीतले झेंडू घेतले, वाकले आणि माझा हात जागच्या जागी थिजला. भाऊ, ते टेबल अर्धं नव्हतं. ते पुरं झालेलं होतं. आपल्या आईचं टेबल पुरं झालं की असंच दिसायचं.

तुला आठवतं ना, बाबांनी रेल्वेच्या गोऱ्या साहेबाच्या लिलावातून ते टेबल आणलं होतं? आपल्या आळीत दुसऱ्या कुणाकडे टेबल नव्हतं. वर्षभर त्यावर तांदळाची पोती असायची, पण दसऱ्याला आई ते धुऊन पुसून अंगणात घ्यायची. त्यावर विळे, कुदळी, तुझी पाटी-पुस्तकं पूजेला मांडायची आणि भोवती फुलं. लहानपणी देवी आल्या त्यात तिचा डावा डोळा गेलेला. त्या बाजूचं तिला दिसायचं नाही, म्हणून तिकडे फुलं कमी पडायची. लोंबी ठेवायची ती तरी का, तर टेबलाची कड कुठे संपते ते हाताला कळावं म्हणून. पण आम्हा दोघी बहिणींना हे कुठे ठाऊक! सुगंधाने मला सांगितलं होतं की देवी डावीकडून येते, म्हणून तिला बसायला जागा सोडायची असते. मी लग्न होऊन सासरी गेल्यावरही तसंच केलं. सासूबाई सगळ्यांसमोर हसल्या आणि तेव्हापासून मी चारचौघींसारखी दोन्हीकडे सारखी फुलं लावायला शिकले. म्हणजे त्या तऱ्हेने टेबल मांडणारं या जगात एकच माणूस उरायला हवं होतं, आपली आई. आणि तिने तर सुगंधा गेली त्या वर्षापासून टेबल मांडलेलंच नाही.

सुगंधा गेली. आपल्या घरात हे किती सहज म्हटलं जातं. ती ब्रह्मपुरीला मावशीकडे गेली, तिथे पटकी झाली, रात्रीत संपली आणि तिथेच दहन झालं. बाबा एकटे परत आले, विहिरीवर डोक्यावरून पाणी घेतलं आणि ओट्यावर बसून राहिले. मी तेव्हा अकरा वर्षांची होते. त्यांच्या केसांतून पाणी गळत होतं, ते मला अजून दिसतं. तू त्यांच्याशेजारी उभा होतास आणि तुझ्या डोळ्यांत टिपूस नव्हतं. मला वाटलं होतं, मोठ्या भावाने असंच खंबीर असायचं असतं.

तर त्या डाकबंगल्यात मला घेरी आली आणि मी पडले. चिवडा सगळा सतरंजीवर. बायकांनी कांदा हुंगायला दिला, एकमेकींकडे बघून हसल्या, त्यांना वाटलं दिवस गेले असतील. मी मात्र त्या लोंबीकडे बघत होते. चौकीदार चैतूला विचारलं, हे नक्की कुणी मांडलं? तो म्हणाला, "हाजराभाभीनं जी. सकाळपासून एकटीच करत होती. कोनाले हात लावू देत नाई." मी घरी आले आणि मला हिव भरलं. तुला सांगते, मला भीतीच वाटली. मेलेल्या माणसाचे हात कुठेतरी फुलं खोचत आहेत, असं सारखं वाटायचं.

दुसऱ्या दिवशी बांगड्या भरायचं निमित्त करून गेले. दुकानात बाबूभाई नव्हते. पदर पुढे ओढलेली एक बाई बसली होती. तिने मान वर केली नाही, मी पुढे केलेला हात तेवढा हातात घेतला आणि बोटांची हाडं दाबू लागली. माझी मान खालीच होती. त्यामुळे आधी मला तोंड नाही दिसलं, लुगडं दिसलं. तांबड्या चौकडीचं, हिरव्या काठाचं. गेल्या भाऊबीजेला तू मला दिलंस तेच. मी नेमकं तेच नेसून गेले होते. एका पाटावर दोन काठ शेजारी शेजारी पडले होते, भाऊ, जोडीने विणलेले. आणि ती हळूच म्हणाली, "हात ढिला सोड ना, इंदे. लहानपनापासून असाच कडक करतेस तू."

मी ओरडले नाही. रडलेही नाही. तिचं तोंड दोन्ही हातांनी धरलं आणि चाचपत राहिले, नाक, कान, हनुवटीवरचं गोंदण. ती गरम होती. एवढंच डोक्यात येत होतं, ही गरम आहे. मग तिनेच मला आत नेलं, पाणी दिलं. तिची मुलगी सुरय्या दारातून बघत होती, सहा-सात वर्षांची, नाक अगदी आपल्या आईचं. मी म्हटलं, मी या गावात आलेली तुला ठाऊक होतं? ती म्हणाली, "जेठापासून पाहून राह्यली तुले. पन भाऊनं बजावलं होतं, इंदूच्या सामोर येजो नको मनून." मी विचारलं, मग टेबल तसं का मांडलंस, मला कळावं म्हणून? तर म्हणते, "नाई वो. मी लय डाव भरून पाह्यलं. माह्या हाताले दुसरं येतच नाई."

मग एकेक करून सगळं बाहेर आलं. बाबूभाई नागभीडच्या बाजाराला बांगड्या घेऊन यायचे, तिचं मन बसलं, ती निघून गेली. बाबा चांद्यापर्यंत शोधत गेले, ती भेटली आणि परत यायला नाही म्हणाली. तेव्हा ब्रह्मपुरीची पटकी जन्माला आली. का, तर पाठीमागे मी होते. पळून गेलेलीच्या बहिणीला कोण करून घेणार? मेलेलीच्या बहिणीला मात्र स्थळं येतात. माझ्या मांडवाचा खांब तिच्या मरणात रोवलात तुम्ही, आणि मला कुणी एका शब्दाने विचारलं नाही! माझं लग्न होऊन गेल्यावर तरी? तेव्हा म्हणे बाबांनी तुला शपथ घातलेली होती. तुझी अडचण मला कळते. पण राग कमी होत नाही, काय करू?

आधीच्या बदलीवर आम्ही मूल गावी होतो तेव्हा तू दर भाऊबीजेला यायचास, ओवाळून झालं की दोन घास खायचास आणि चांद्याला काम आहे म्हणून निघायचास. मी पुरणपोळी वाढायला वाकले की पानावर आडवा हात. मला वाटायचं, माझ्या हाताला चव नाही. आता कळलं की पुढे जंगलात दुसरं ताट वाट बघत असायचं. आणि आई दरवर्षी झेंडूची वाळलेली बोंडं फडक्यात बांधून द्यायची, चांद्याला देवीच्या देवळात टाक म्हणायची. ती हाजराभाभीच्या परसात रुजलेली मी बघून आले. गुडघ्याएवढी झाली आहेत. भाऊ, त्या झेंडूंसमोर मी तुला शिव्या घालत उभी होते, आणि तू एवढी वर्षं तिला एकटं टाकलं नाहीस म्हणून मला भरूनही येत होतं. दोन्ही एकदम. माणसाने काय करावं अशा वेळी?

पण एक गोष्ट मी तुला सोडणार नाही. या पितृपक्षात बाबांचं पान पहिल्यांदाच मांडायचं म्हणून मी नागभीडला आले होते. त्यांच्या पानाशेजारी तू नेहमीसारखं सुगंधाचं पान ठेवलंस. तिला आवडायचं म्हणून आईने वड्यांवर तूप ओतलं. बाबांच्या पानाला कावळा लगेच शिवला. सुगंधाच्या पानाकडे फिरकेना. ऊन डोक्यावर आलं, आपण सगळे जेवायचे थांबलो, आणि आई त्या पानाजवळ हात जोडून बसली. काय म्हणत होती ते तू ऐकलंस. "पोरगी अजून रागावलीच हाये. काऊन रागावली वो माय? काय चुकलं माह्यं?" दरवर्षी हेच होतं म्हणे. दरवर्षी ती उपाशी बसते. जिवंत माणसाच्या नावाचं पान कावळा कशाला शिवेल? कावळ्याला जे ठाऊक होतं ते तुलाही ठाऊक होतं, आणि तू मान खाली घालून दर्भाच्या काडीने जमीन उकरत होतास. हे कसं जमलं तुला? मला खरंच विचारायचं आहे. सुगंधाला मी हे सांगितलं तेव्हा ती पहिल्यांदा रडली. तिला हे पान-बिन काही माहीत नव्हतं. तिला वाटायचं, आई आपल्याला विसरली असेल.

आता कशासाठी लिहिते आहे ते ऐक. तुला विचारायला नाही. तुला तयार राहायला सांगते आहे. आईच्या उरलेल्या डोळ्यात मोतीबिंदू उतरला आहे. मी आले होते तेव्हा तिने मला आवाजावरून ओळखलं. शपथ ज्यांनी घातली ते बाबा गेले, त्यांची शपथही त्यांच्याबरोबर गेली. धनत्रयोदशीला दुपारच्या गाडीने मी नागभीडला उतरते. माझ्याबरोबर सुगंधा असेल, सुरय्या असेल आणि बाबूभाईही असतील. ते आधी म्हणत होते, "मी टेशनावरच थांबतो, मायलेकी भेटून घ्या." मी म्हटलं, जावयाने स्टेशनावर थांबायची आपल्याकडे पद्धत नाही. यांना मी कालच सगळं सांगितलं. ते म्हणाले, जा. आळीतली माणसं काय बोलतील ते बोलोत. तू फक्त एवढं कर. कोठीतल्या टेबलावरची पोती उतरव, ते धुऊन पुसून अंगणात मांड. केळीचा एक खांब तोडून ठेव. लोंबी आपल्या शेतातली आण. झेंडू ती घेऊन येते आहे. आईला आधी एका शब्दाने सांगू नकोस, तू सांगायला लागलास की घोटाळा करशील. आम्ही टेबल सजवू आणि मी आईला हाताला धरून त्याच्यापाशी आणेन. ती उजवीकडून हात फिरवत येईल. फुलं विरळ होतील, मग संपतील, मग उघडं लाकूड लागेल आणि मग ती लोंबी. तेव्हा तू तिच्या पाठीशी अगदी जवळ उभा राहा. मला सावरायला कुणी नव्हतं.

भाऊबीजेला यंदा दोन्ही ताटं एकाच घरात आहेत. पोटभर जेवावं लागेल.

तुझीच, अजून रागावलेली,
इंदू