परसातली मेथी

शके १७८५, मार्गशीर्ष शु. ५. अकोला.
वैद्यबुवा म्हणाले, मधुमेह. लघवी केली की मोरीला मुंग्या लागतात हे मीच त्यांना सांगितले, मान खाली घालून. अंगठ्याची जखम चिघळली तर पाय जाईल. गोड (यापुढे नुसते गो. लिहीन) बंद. ज्वारीची भाकर, मेथी, मूग, रोज चालणे.
भाकर आणू कुठून? विलायतेला कापूस हवा म्हणून यंदा सगळे वावर कापसाला दिले. परसातले सौ.चे मेथीचे वाफेसुद्धा मोडून सरकी लावली.

शु. ८
बाजार. रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरला की देणारा, घेणारा आणि दलाल, तिघांनी पेढा खायचा. दलाल मी; मीच नको म्हणालो तर सौदा मोडला समजतात. पहिला पेढा रीतीसाठी खाल्ला. पुढचे रीतीसाठी नव्हते.
सौ.ने विचारले, गो. खाल्ले का. "नाही," म्हणालो. मग मुंग्या दिसू नयेत म्हणून मोरीवर स्वतः घागरभर पाणी ओतले. तिला वाटले, कामाला हात लावतो आहे. खूश झाली. मेल्याहून मेल्यासारखे झाले.

शु. ११
मेहुणा दर्यापूरहून गाडीत ज्वारी घालून आला. सौ.नेच निरोप धाडला होता, मला न विचारता. वर तिने परसातली कापसाची पराटी उपटून मेथी पेरली. बोंडे फुटायची होती अजून! फार बोललो. ती हात झटकत म्हणाली, "कापूस खाऊन राहाल का तुमी?"
मेहुण्यासमोर.

व. २
बाळापूरचे करीमभाई, जुने व्यापारी. माझे लंगडणे त्यांनी हेरले होते. भाव ठरल्यावर पेढ्याऐवजी माझ्या हातावर फुटाणे ठेवले. "आबा, आपला सौदा फुटाण्यावर पक्का. पाय राहिला पायजे तुमचा."
इतका चांगला माणूस. पण मागून कोणीतरी म्हणाले, आबा घोड्याच्या खुराकावर आले. सगळे हसले. मला झोंबले. पेढ्यांचे ताट ओढून सर्वांदेखत गो. खाल्ले, एकामागून एक.
घरी पुन्हा "नाही". पुन्हा मोरी धुतली.

व. ६
मेथी बोटभर आली. सौ.ने कोवळीच खुडून कांदा-तेल घालून कालवली. भाकरीबरोबर फार छान लागली. हे असेच रोज खाल्ले तर निभेल, असे जेवताना खरेच वाटते. बाजारात पाय ठेवला की...
शेजारीण सांगून गेली, सौ.ने बारशाला बुंदी परत केली. माझा पाय बरा होईस्तोवर तिचेही गो. बंद. मला पत्ताच नाही. आणि मी!
जखम तशीच. उलट कडा काळ्या पडल्यात. वैद्यबुवांना कोडे. सौ. अंगठ्याकडे पाहत बसली होती. म्हणाली, "सारं पाळून राहिले तुमी. मंग माह्याच हाताले गुण नाही का?"
सांगून टाकावे म्हणून तोंड उघडले. तिला वाटले, भाकर हवी. अर्धी मोडून ताटात वाढली.
खाल्ली. अजून सांगितलेले नाही.