बरणीच्या नाकात कणिक

हुडकेश्वर, नागपूर
३० जून २०२५

चि. अश्लेषास आजीचे अ. उ. आ. वि. वि.

पहिले आली ते समोरची यमुताई. पाहुणे आमचे, पण त्यांच्या आधी येऊन बसायची घाई तिले. मंग सव्वाअकराले पाहुणे आले, आपल्या सौरवच्या कामिनीचे आजोबा चंपतराव न आजी सुभद्राबाई. घर पाहायले आले होते. पोरापोरीचं तर जमलंच आहे, आता आजोबा हो म्हणतेत का नाई, त्याच्यावर सगळं अटकलं. खापरखेड्याच्या वीजघरात बॉयलरवर होते ते, आता रिटायर आहेत. दारूचं नाव निघालं का उठून जातेत. मागं एक स्थळ मोडलं, काहून तर पोराच्या फोटोत मागच्या टेबलावर बाटली दिसली.

न तुही जांभळाची वाईन माह्या पलंगाखाली. सुट्टीत येऊन टाकून गेली, मले राखण दिली. तुह्या आईले मी सांगितलं का माह्या शुगरचा काढा आहे. पण त्या बरणीच्या बुचात तू जे पाण्याची वाकडी नळी खोसली, मी तिले नाक म्हणते, ते सारखी बुडुक बुडुक करून राहे. पाहुणे पलंगावरच बसणार. खालून कोणी ढेकर देऊन राहिलं तर मी काय सांगू? म्हणून सकाळी पोळ्यांच्या कणकेचा गोळा घेतला न नाक बुजवून टाकलं. मटणाच्या हंडीचं झाकण लिंपतो ना, तसं पक्कं. बरणी चूप. मले वाटलं, केवढी हुशार मी.

तर्री-पोहे झाले. सुभद्राबाईनं विचारलं, घरात कोणाले काही सवय तर नाई ना. मी म्हटलं, चहाची आहे. तेवढ्यात पलंगाखाली फाट्टकन आवाज. बूच भिंतीले, न जांभळा फेस चंपतरावांच्या पांढऱ्याफेक पायजम्यावर. वाकून पाहायले यमुताई सगळ्यात पुढं. मी शुगरचा काढा, शुगरचा काढा करत राहिली. चंपतरावांनी फेसाले बोट लावलं, वास घेतला, कळवतो म्हणाले न निघून गेले. सौरव तवापासून धड जेवून नाई राहिला. माह्यापायी त्याचं लगन मोडलं तर तोंड कुठं दाखवू?

फोन नको करू, तुही आई बाजूलेच बसून राहते. पत्रच टाक. जीव लावून आहे तसाच लावून ठेव.

तुही आजी
सत्यवती


नाशिक
५ जुलै २०२५

ती. आजीस सा. न. वि. वि.

तुझं पत्र वर्गात उघडलं आणि हसले म्हणून सरांनी बाहेर काढलं. बाहेर उभी राहून पुढचं वाचलं, तेव्हा दादासाठी हसू पळालं.

आजी, रस आंबताना आत वायू होतो. तो त्या नळीतल्या पाण्यातून बाहेर निघतो आणि बाहेरची हवा आत शिरत नाही, एवढंच त्या नाकाचं काम. तू कुकरची शिट्टी बुजवलीस गं. आता कणिक काढ, नळी धू, उकळून गार केलेलं पाणी रेघेपर्यंत भर आणि बूच नीट बसव. उघडं राहिलं तर सगळ्याचा आंबट शिरका होईल.

आणि त्या आजोबांना खरं सांग. माझं नाव घे. मी वाईनचं शिकते हे लपवून दादाचं लग्न जमलं, तर मला त्या मांडवात वावरता यायचं नाही.

रागावलीस तरी माझ्या वाटणीची माया कमी करू नकोस.

तुझी
अश्लेषा


हुडकेश्वर, नागपूर
१४ जुलै २०२५

चि. अश्लेषास अ. उ. आ. वि. वि.

नाक धुतलं, पाणी भरलं, बरणी पुन्हा बोलू लागली. पण खरं सांगायले जायचं म्हटलं का माहे गुडघेच दुखत. आज जाऊ, उद्या जाऊ करता करता काल चंपतरावच दारात. एकटे. सौरव पाहताबरोबर न्हाणीत शिरला, तो बाहेरच नाई आला.

मी त्यांना बसूही नाई दिलं. उभ्या उभ्याच सांगून टाकलं का काढा नाई, वाईन आहे, नात शिकते नाशकाले, सौरव थेंब पेत नाई, न खोटं बोलली ते मी एकटी. ते म्हणे का वासावरून तवाच समजलं होतं. हे बाई खरं केव्हा बोलते ते पाहून राहिलो होतो, म्हणे. तुह्या शिक्षणाबद्दल एक शब्द वाकडा नाई बोलले. मंग आवाज चढवला. मले वाटलं, आता आलं दारूचं.

"पण बाई, कोंडलेल्या वाफेची वाट कोणी बुजवते काय?"

अशी झापली मले, जशी मी त्यांच्या हाताखालची नवी भरती. मंग गुडघ्यावर बसून पलंगाखाली डोकं घातलं न घड्याळ लावून बुडबुडे मोजत बसले. एका मिनिटाले चौदा. बाहेरच निघत नव्हते, चहा मी खालीच सरकवला. पेणार का विचारलं तर नाई म्हणे, जन्मभर पेलो नाई. मले फक्त ते नळी दाखवत जा.

जाता जाता लगनाले हो म्हणून गेले. सौरवले न्हाणीतून काढून सांगितलं का जमलं. ओल्या डोक्यानंच माह्या पाया पडला. आता एकच लफडं आहे पोरी. सुभद्राबाई अजून काढाच समजून राहिल्या, न त्यांनाही शुगर आहे. त्यांनी माह्याकडून एक बाटली मांगितली. बायकोले खरं सांगायचं काम चंपतराव माह्यावर टाकून गेले. तू लवकर ये न मले शिकव काय बोलू ते.

आजीवर हसून झालं का थोडी मायाही कर.

तुही आजी
सत्यवती

ता. क. सुपारी फोडायले पाहुणे दसऱ्याले येतो म्हणाले, बेस्तरवारी. सुभद्राबाई बाटली घ्यायले स्वतः येणार आहेत.