मोहाखालची झाडलेली जागा

फाल्गुन, बुधवार, दिवेलागणीला

आज चहाही न घेता खराटा उचलला आणि घरामागच्या मोहाच्या झाडाखालचा सगळा पाला ओढून काढला. फुलं पडायच्या आत जागा साफ हवी, नाहीतर वेचताना निम्मी पाल्यात जातात, आणि वाळवून विकायला तेवढी कमी. आई होती तेव्हा हे काम माझंच. नवऱ्याचं घर सोडून परत आले तेव्हाही माझंच. हात सवयीने चालले. सारवलेल्या अंगणासारखी जागा केली.

भावाची बायको दारातून बघत होती. सगळं झाडून झालं. मग म्हणाली, "ताई, तू कशाला झाडत बसलीस? आता वेचणार तर आम्हीच."

खरंच की. आई गेल्यावर वाटणी झाली ती पावसाळ्यात. तेव्हा मोह म्हणजे नुसतं एक हिरवं झाड. भावाने विचारलं, "ताई, झाड कोणाकडे?" मी मोठेपणाने म्हणाले, "राहू दे तुझ्याकडेच." त्याने पुन्हा विचारलं नाही. त्याला तेव्हा फुलं आठवली असतील का? मला कशी नाही आठवली?

पाल्याचा ढीग कुंपणाशी पडलाय. परत नेऊन पसरावा, असं दिवसभर मनात येतंय. मघाशी तर टोपलं घेऊन निघालेही. बघते तर माझ्या त्या झाडलेल्या जागेभोवती बोरीच्या काट्या लावलेल्या. भाऊ म्हणाला, "गुरं फुलं खातात ना, म्हणून."

आई असताना कधी काट्या लावल्या नव्हत्या. गुरं तेव्हाही होती.