तळ्याखालचं चित्र

३ मार्च
नवे अध्यक्ष आज संग्रहालयात आले. प्रत्येक भिंतीपुढे एकच पालुपद — समाज फळासारखा असतो, पिकतो, मग सडतो, आणि सडका वास आधी चित्रांना येतो. वाकडे चेहरे, हिरवी माणसं, हा तोच वास म्हणे. सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही. जुनी चित्रं दुरुस्त करणारा माणूस मी, मला कोण विचारतो! पण विचारलं. सडक्या चित्रांची यादी मीच करायची, शनिवारपर्यंत. ती जाळणार आहेत.
तिसऱ्या दालनात ताईने काढलेलं चित्र आहे. शेवटच्या आजारातली आई — चेहरा हिरवा, तोंड उघडं.

४ मार्च
ताईला सांगितलं. बटाटे सोलत होती. भीत भीत म्हणालो, अध्यक्षांचं अगदीच खोटं नसेल. तिने सुरी खाली ठेवली. "आई जात होती तेव्हा तू दाराबाहेर उभा होतास. मी आत बसून बघितलं. बघणारी सडकी आणि तोंड फिरवणारा निरोगी, असं का रे?"
जेवण गेलं नाही.

५ मार्च
युक्ती सुचली! आईवर वार्निशचा पातळ हात, त्यावर दुरुस्तीचा रंग — ओल्या बोळ्याने सहज निघणारा. तळं, झाडं, दोन बदकं. बदकं इतकी भिकार की माझं मलाच हसू आलं. ताईच्या नावाची पाटीही काढून टाकली.

७ मार्च
अध्यक्ष तळ्यापुढे थांबले. मग म्हणाले, "ही खरी निरोगी कला."
एकोणीस चित्रं गाडीत चढली. यादी माझ्या अक्षरातली.

२० मार्च
मेलो! तळं अध्यक्षांच्या खोलीत लावणार. सोमवारी त्यावर पक्कं वार्निश चढवायचा हुकूम आहे, आणि ते चढलं की आई कायमची खाली. ताईला शब्द दिलाय — रविवारी संग्रहालय बंद, चावी माझ्याकडे. तळं पुसायचं, चित्र चौकटीतून सोडवून तिच्या हाती द्यायचं. सापडलो तर? भित्यापाठी ब्रह्मराक्षस, आई नेहमी म्हणायची.

२२ मार्च, रविवार
ताई मागच्या दाराशी थांबली होती. बोळा ओला करून एकदाच फिरवला. आईचं उघडं तोंड दिसलं. घाईघाईने त्यावर तिसरं बदक काढलं.
हे मात्र छान जमलंय.