कोपरा पुरे, असं तू म्हणायचीस

आई, आम्ही घर बदललं. म्हणजे लेकाने बदललं, मी त्याच्याबरोबर आले. क्वीन्सटाउनचं भाड्याचं घर सोडून त्याने पासिर रिसला स्वतःचा फ्लॅट घेतला. समुद्र जवळ आहे, संध्याकाळी खारा वारा घरात येतो. तुला सिंगापूर काय सांगू, तू सांगलीच्या पलीकडे कधी गेली नाहीस, आणि तुला जाऊनही आता इतकी वर्षं झाली की तुझा आवाज आठवायचा तर मला डोळे मिटून बसावं लागतं. माझी शाळा चौथीपर्यंत, तीही तू मास्तरांच्या दारात जाऊन बसलीस म्हणून. तेव्हा ऱ्हस्वदीर्घ बघू नकोस. तुला वाचता येत नव्हतं, म्हणून मी तोंडाने म्हणत म्हणत लिहितेय. मधूनच नात डोकावते, "आजी, हू आर यू टॉकिंग टू?" तिचे पुढचे दात पडलेत आणि तशीच ती दिवसभर हसत हिंडते. मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत, वर शेवटी इथल्या लोकांसारखा एक 'ला'. परवा मी भाजीवाल्याला म्हणाले, "महाग ला!" पोरगी हसून हसून खाली बसली. तुझी पणती गं. तू बघायला हवी होतीस.

तर घराचं सांगत होते. इथे घर घेताना मध्ये एजंट असतो. मला वाटायचं सह्या झाल्या की हे लोक दिसेनासे होतात. पण आमची एजंट बाई, चिनी, माझ्या सुनेपेक्षा थोडी मोठी, सामान हलवायचा दिवस जवळ आला तशी जास्तच यायला लागली. फ्रिजमधलं आतापासून संपवत आणा म्हणाली. नव्या घरची वीज आधी चालू करून घ्या, नाहीतर अंधारात जाल. टीव्हीच्या मागच्या वायरींचा फोटो काढून ठेवा. नवी लिफ्ट मापून बघा, कपाट मावेल का. पासपोर्ट आणि औषधं खोक्यात घालू नका. आणि किटली, साबण, पोरीचा शाळेचा युनिफॉर्म असं पहिल्या दिवशी लागणारं सगळं एका पिशवीत भरा, ती पिशवी ट्रकमध्ये नाही, हातात. मी ऐकत बसले होते आणि मला तू दिसत होतीस. बाबा पाटबंधारे खात्यात शिपाई, दर थोड्या वर्षांनी बदली, आणि तू ट्रकमध्ये पुढे बसलेली. मांडीवर वेगळं गाठोडं. त्यात चहासाखरेचे डबे, काडेपेटी, पोळपाट-लाटणं. नव्या गावात बाकी काही सोडायच्या आधी तू चहा टाकतेस, शेजारीण डोकावते, तिलाही कप देतेस. झालं, बिऱ्हाड लागलं.

मग एके रविवारी ती बाई रंगीत चिकटपट्ट्या घेऊन आली. जेवणाच्या टेबलावर नव्या घराचा नकाशा पसरला. तिची पद्धत अशी की प्रत्येक खोलीला एक रंग. तोच रंग खोक्यावर, तोच त्या खोलीच्या दारावर. म्हणजे हमालांना कुणाची भाषा कळायची गरजच नाही. लेक-सुनेची खोली निळी. नातीची हिरवी, तिने ओरडूनच घेतली. तिसरी लाल, तिथे लेकाचं ऑफिसचं टेबल. तो वन-नॉर्थ नावाच्या भागात कामाला जातो आणि घरी येऊनही तेच काम करतो. पट्ट्या लावून झाल्या. बाईने माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "आन्टी?"

लेक म्हणाला, "आई, तुझं सामान कुठे ठेवायचं?"

मी म्हणाले, "माझं काय रे, मला एक कोपरा पुरे."

नातीने लगेच भाषांतर केलं, "शी सेज कॉर्नर कॅन ऑलरेडी."

आई, ती बाई खरंच कोपरा शोधायला लागली! नकाशावर बोट फिरवत. हॉलमध्ये सोफ्यामागे, पण तिथे दुपारचं ऊन. मग ती जाड लोखंडी दाराची खोली असते ना इथल्या घरांत, बॉम्ब पडला तर बसायची, सगळे तिथे कांदे-बटाटे ठेवतात. तिथे बोट थांबलं. "नो विंडो. कॅनॉट स्लीप." सगळे हसले. मीही हसले. लेक बाईला म्हणाला, आई असंच म्हणते, ती पुण्याच्या घरी जाऊन-येऊन असते, कुठेही झोपेल, बघू नंतर. बाई हसली नाही. तिने काहीतरी सांगितलं, ते सुनेने मला समजावलं, "आई, त्या म्हणतायत, ज्या खोक्याला रंग नसतो ते हमाल दाराबाहेरच ठेवून जातात."

तुझा कोपरा आठवला. बाबा गेल्यावर तू दादाकडे राहायला गेलीस आणि म्हणालीस, मला काय, कोपरा पुरे. दादा वाईट नव्हता गं. त्याने तुझं म्हणणं ऐकलं, इतकंच. स्वयंपाकघराच्या दारामागे ज्वारीच्या पिपाशेजारी तुझं अंथरूण. मी बाळंतपणाला आले तेव्हा बघितलं, तू गुडघे पोटाशी घेऊन झोपलेली. "पाय लांब कर ना." "दार लागतं गं," म्हणालीस आणि हसलीस. वहिनी सकाळी दार उघडायची ते तुझ्या पावलांना लागायचं, ती बिचारी रोज "अगंबाई" म्हणायची, तू रोज "काही नाही, काही नाही" म्हणायचीस. तुला कुणी कधी विचारलंच नाही, तुला काय हवं. विचारलं असतं तरी तू सांगितलं नसतंस. लहानपणी मी पानावर बसून "मला साय हवी" म्हणाले, तर तू मांडीला चिमटा काढलास, "मुलीने हवं-हवं करू नये." तो चिमटा मी फार दिवस जपला. सासरी कामाला आला, पुढेही आला.

आणि इथे ही परकी बाई खुर्ची ओढून माझ्यासमोर बसली. लेकाला नाही, सुनेला नाही, मला विचारलं, "आन्टी, यू. व्हेअर यू वॉन्ट टू स्लीप?" एवढं इंग्रजी मला कळतं. मी म्हणाले, "मला खोली हवी."

नात भाषांतर करायची विसरली. मग ती ओरडली, "आजी वॉन्ट्स अ रूम!" सून म्हणाली, "अहो आई, मग बोलायचं ना आधी! मी ह्यांना कधीची म्हणतेय." लेकाचा चेहरा उतरला. हळूच म्हणाला, "तू कधी म्हणालीच नाहीस गं." खरं होतं त्याचं. त्याने स्वतःच्या हाताने नकाशावरची लाल पट्टी सोडवली, ऑफिसचं टेबल हॉलमध्ये घ्यायचं ठरवलं. बाईने पिशवीतून उरलेल्या पट्ट्या काढून माझ्यापुढे धरल्या. मी पिवळी घेतली. हळदीची निवडलीस का, म्हणून लेकाने चिडवलं, मी म्हटलं, हो, मग?

सामान हलवायच्या दिवशी बाई सकाळीच आली, लिफ्टपाशी उभी राहून हमालांना आत सोडत होती. नात दारात, "येलो! येलो आत!" आणि मी माझ्या खोलीत मधोमध उभी, इकडे ठेवा, तिकडे नको, खिडकी मोकळी सोडा. कुणाला मराठी कळत नव्हतं आणि सगळे ऐकत होते. मी इतकी कधी बोलले नव्हते. नात सारखी येऊन पलंगावर उडी मारायची, उतरायची, परत यायची. दुपारी सुनेने मला जवळ घेतलं. माझे डोळे भरलेले बघून म्हणाली, "तुमच्या आईंची आठवण येतेय ना?" मी हो म्हणाले.

हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकू? राहू दे इथेच. तुला म्हणून सांगते, आठवण नव्हती आली. त्या अख्ख्या दिवसात एकदाही नाही. मला फक्त आनंद झाला होता.